बोट लावलेली बशी

समोर बशी आली की तो तिला फक्त बोट लावायचा. उजव्या हाताचं पहिलं बोट, अगदी हलकं, पदार्थाच्या कडेला. मग तेच बोट ओठांना टेकवायचं आणि खुर्चीतून उठायचं. "येतो ताई. माणसं वाट बघत असतात."

कुठली माणसं, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की अर्धा तास जायचा, आणि तो अर्धा तास मात्र त्याच्याकडे असायचा.

आम्ही सिंगापुरातली पंचवीस-तीस मराठी ख्रिस्ती घरं. बहुतेक नगरकडची, काही पुण्या-मुंबईची. कुणी बँकेत, कुणी जहाजावर. रविवारी दुपारी तीन वाजता एका इंग्रजी चर्चचा मागचा हॉल आम्हाला मिळतो, तिथे आमची मराठी उपासना. तो आमचा पाळक. तोंडावर आम्ही सगळे त्याला 'पाळकसाहेब' म्हणायचो आणि 'सलाम' घालायचो. घरी आल्यावर 'तो' म्हणायचो. इथे मी त्याला तोच म्हणणार आहे. तुमच्यापाशी कशाला खोटा आदर दाखवायचा?

वर्षातून तीन-चार वेळा तो मलेशियातल्या सारावाकच्या आतल्या रानात जायचा. विमान, मग जीप, मग दिवसभर होडी. तिथे नदीच्या काठाला लांबच लांब लाकडी घरं असतात, खांबांवर उभी, एका ओसरीला वीस-बावीस दारं. एकेका दाराआड एकेक कुटुंब. ती सगळी वस्ती ख्रिस्ती. त्यांना स्वतःचा पाळक नाही, म्हणून हा जायचा. काम चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण एखादा माणूस चांगलं काम किती वाईट तऱ्हेने मिरवू शकतो, ते बघायचं असेल तर तुम्ही आमच्या हॉलमध्ये यायला हवं होतं.

त्याच्या प्रवचनात येशूपेक्षा जळवा जास्त असायच्या. विषय उधळ्या पुत्राचा असो की डोंगरावरच्या प्रवचनाचा, दहाव्या मिनिटाला आम्ही होडीत बसलेलो असायचो आणि पंधराव्या मिनिटाला त्याच्या पोटरीला जळू लागलेली असायची. "तुम्हाला एमआरटीची गाडी चार मिनिटं उशिरा आली तरी त्रास होतो," तो म्हणायचा, "तिथे माणसं माझी चार-चार महिने वाट बघतात." हे म्हणताना तो आमच्याकडे असा बघायचा, जणू आम्हीच त्यांना तिथे नेऊन सोडलं होतं. माझी मुलगी इथेच वाढलेली, बोलणंही इथलंच. ती माझ्या कानात कुजबुजायची, "ममा, अगेन फॉरेस्ट स्टोरी, लाह." मी तिच्यावर डोळे वटारायची, पण मनातून तिच्याच बाजूची असायची.

पायात कायम काळे रबरी बूट. रानात ठीक आहे. हा सेंगकांगला एका लग्नाच्या रिसेप्शनलाही तेच बूट घालून आला. नवरीच्या बापाने नम्रपणे विचारलं, तर म्हणतो, "सवय मोडली तर नदीत पाय घसरतो." सेंगकांगच्या त्या हॉलमध्ये नदी कुठे होती, देव जाणे.

बोट लावायचा प्रकार पहिल्यांदा आमच्या घरी झाला तो नाताळात. मी दोन दिवस खपून करंज्या केल्या होत्या. इथल्या दमट हवेत करंजी खुसखुशीत ठेवणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. तो आला, सोफ्याच्या कडेवर टेकला, करंजीला बोट लावलं, ओठांना टेकवलं आणि उठला.

"अहो, खा तरी पाळकसाहेब."

"झालं की ताई. रानात अशी रीत आहे. कुणी अन्न पुढं केलं आणि थांबायला वेळ नसेल, तर त्याला बोट लावायचं. नाही लावलं आणि तसंच निघालं, तर वाटेत माणसाचं काहीतरी वाईट होतं. साप चावतो, होडी उलटते."

"आपल्या बुकित पंजांगच्या एलआरटी गाडीत कुठला आलाय साप?" मी म्हटलं.

तो हसला नाही. त्याला विनोद कळत नसे. "मान राहतो ताई, अन्नाचा आणि माणसाचा," म्हणाला आणि बूट वाजवत लिफ्टकडे गेला. त्या दिवशी त्याने नऊ घरं उरकली. नऊही घरांत बोट लावलेली एकेक करंजी मागे राहिली आणि ती कुणी खायची यावरून नऊही घरांत चर्चा झाली. आमच्याकडची सासूबाईंनी खाल्ली. "पाळकाचं बोट लागलंय," म्हणाल्या, "वाया कशी घालवू?"

त्याचं सगळंच तसं होतं. क्लेमेंटीला खोली घेऊन राहणारी, रिसर्च करणारी आमच्यातली एक मुलगी तापाने फणफणली होती. हा तिच्या दारातूनच प्रार्थना करून परतला. बूट काढायला लागू नयेत म्हणून उंबरठ्याच्या आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. नंतर म्हणे, "परत आल्यावर निवांत येतो." हे त्याचं दुसरं पालुपद. परत आल्यावर निवांत. तो कधीच निवांत नसायचा, कारण कुठून तरी तो नेहमी नुकताच आलेला असायचा किंवा कुठे तरी निघालेला असायचा.

आता सासूबाईंचं सांगते. त्याच्याविषयी जे काही सांगायचं, ते तिथे येऊनच थांबतं.

माझे मिस्टर जहाजावर इंजिनियर. सहा महिने पाण्यावर, तीन महिने घरी. सासरे गेल्यावर सासूबाईंना आम्ही इकडे आणलं. आयुष्य सगळं नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलेलं. इथे अकराव्या मजल्यावर त्या खिडकीशी बसायच्या आणि खालून जाणारी एलआरटी मोजायच्या. इंग्रजी येत नव्हतं. आठवड्यात त्यांचा खरा दिवस एकच, रविवारचा. मग हृदयाचं दुखणं वाढलं आणि डॉक्टरांनी बाहेर जाणं बंद केलं. रविवारही गेला.

त्यांनी एकच गोष्ट मागितली. प्रभुभोजन घरी मिळावं. भाकरीचा एक तुकडा, द्राक्षरसाचा एक घोट आणि ती वचनं मराठीतून. "लग्नाच्या आधीपासून ज्या शब्दांत घेतलं, त्याच शब्दांत घेऊन जायचंय," म्हणाल्या. आमच्या मंडळीत ते द्यायचा अधिकार दीक्षा झालेल्या पाळकालाच. इंग्रजी चर्चचे पाळक आनंदाने आले असते, मी विचारलंही. पण सासूबाई हट्टाला पेटल्या. "त्या भल्या माणसाचं मला कळणार न्हाई. आपला पाळक हाय की."

आपला पाळक होता की! मी त्याला तीन वेळा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाला, मिटिंग आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, रानात न्यायची औषधं गोळा करायची आहेत. तिसऱ्यांदा म्हणाला, शनिवारी नक्की.

शनिवारी सासूबाई सकाळपासून तयार. पांढरं लुगडं, केस विंचरलेले. स्वतः विणलेला पांढरा रुमाल टीपॉयवर अंथरला, त्यावर बशीत भाकरीचा तुकडा, छोट्या पेल्यात द्राक्षरस. तो दुपारी आला. पाठीवर सॅक, पायात ते बूट, खाली टॅक्सी उभी. विमानतळावर निघाला होता.

"पाळकसायेब, बसा की जरा," सासूबाई म्हणाल्या. "पाचच मिन्टं."

त्याने टीपॉयकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. "मावशी, प्रभुभोजन असं घाईत देऊ नये. आधी प्रार्थना व्हावी, गाणं व्हावं, माणसाने बसावं. मी आठ दिवसांत येतो. परत आल्यावर निवांत."

"माझं काय खरं न्हाई हो."

"असं बोलू नये मावशी. तिकडे माणसं वाट बघत असतात, नाही तर थांबलो असतो."

आणि मग तो वाकला आणि त्या बशीतल्या भाकरीला त्याने बोट लावलं. ओठांना टेकवलं. आणि गेला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. करंजीचं मी समजून घेतलं होतं, पण त्या बशीला बोट लावून उठणारा माणूस पाळक कसला? दहा मिनिटांचं काम होतं. टॅक्सीचं मीटर मी भरलं असतं. सासूबाईंनी रुमाल घडी करून ठेवला आणि म्हणाल्या, "आठच दिवस हायेत." मग त्या रात्री झोपायच्या आधी त्यांनी तो रुमाल दोनदा काढून बघितला आणि परत ठेवला.

तो गेल्यानंतरच्या दिवशीच, रविवारी, त्यांना अचानक जास्त झालं. हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं. मी त्याला मेसेज टाकला. 'सासूबाई सिरियस आहेत. तुम्हाला विचारतात. निघून या.' एकच खूण. रविवार, सोमवार, मंगळवार, एकच खूण. सासूबाई दर तासाला विचारायच्या, "आलं का उत्तर?" बुधवारी संध्याकाळी दोन निळ्या खुणा दिसल्या. वाचला! मी फोन हातात धरून बसले. उत्तर नाही. गुरुवारी नाही. मी फोन केला तर बंद. शुक्रवारी दुपारी सासूबाई गेल्या. त्यांची पिशवी आवरताना तो रुमाल मिळाला. हॉस्पिटलात येतानाही त्यांनी बरोबर घेतला होता.

इथल्या रीतीप्रमाणे ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, मंडप घातला. गोल टेबलं, शेंगदाणे, सरबताची पाकिटं. मिस्टर दुसऱ्या समुद्रात होते, ते पोचू शकले नाहीत. इंग्रजी चर्चचे पाळक आले आणि त्यांनी सगळं मनापासून केलं. सासूबाईंना त्यातलं काहीही कळलं नसतं.

शनिवारी संध्याकाळी तो उगवला. बूट चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेले, शर्ट ओला, चेहरा सुजलेला. मंडपात चिखलाची पावलं उमटली. मंडळीतली वडीलधारी माणसं उठली, 'सलाम पाळकसाहेब' म्हणाली. मी उठले नाही.

"मेसेज वाचला होतात ना?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"वाचला ताई."

"बुधवारी?"

"बुधवारी."

पुढे काहीच बोलला नाही. एवढा बडबड्या माणूस, पण तोंडात शब्द नाही. मला वाटलं, लाज वाटत असेल, बरंच आहे. त्याने विचारलं, "मी प्रार्थना करू का?" मी म्हटलं, "नको. झाली आहे. घाईत कशाला?" हे मी म्हटलं, आणि मला तेव्हा फार बरं वाटलं, तेही सांगते. तो शवपेटीजवळ गेला. हात पुढे केला, पेटीच्या लाकडाला एक बोट लावलं आणि ओठांना टेकवलं.

मुलीने माझा दंड धरला म्हणून, नाही तर मी त्याला तिथून हाकलून दिलं असतं.

त्यानंतर मी त्याच्या उपासनेला गेले नाही. मंडळीतही हळूहळू बोलणं वाढलं. त्यात माझा वाटा मोठा होता, मी तो लपवत नाही. रिसेप्शनचे बूट, करंज्या, तापाने फणफणलेली मुलगी, सगळं मी चार ठिकाणी सांगितलं, आणि शेवटी भाकरीची बशी. त्या वर्षी त्याच्या इथे राहायच्या पासची मुदत संपत होती. मंडळीने तो वाढवून मागायचा नाही असं ठरवलं. तो गावी परत गेला. निरोपसमारंभ झाला नाही. विमानतळावरही कुणी गेलं नाही. पुढे दीड वर्षाने कळलं, तो गावी वारला. आमच्याकडे मंडळीच्या ग्रुपवर सात जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मी टाकलं नाही.

मग नवे पाळक आले, तरुण, शांत, दुसऱ्याच्या घरी बूट काढणारे. त्यांनी जूनच्या सुट्टीत रानातल्या मंडळीला भेट द्यायचं काढलं. "कोण कोण येतंय?" मी हात वर केला. भक्तीने नाही. त्याने तिथे काय दिवे लावलेत ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

होडीत आठ तास बसल्यावर माझी कंबर गेली. जळवा खऱ्या होत्या. दोन तर पहिल्याच वाटेत लागल्या. ते लांबलचक घर बघितलं, बावीस दारं, आणि बावीसही दारांतून माणसं बाहेर आली. त्यांची सगळ्यांत पहिली चौकशी त्याची. तो वारल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. नव्या पाळकांनी सांगितलं तेव्हा ओसरीवरची माणसं एकेक करून खाली बसली.

पण मी शोधायला गेले होते ते मला मिळालं. तिथल्या शाळेत शिकवणारी एक मुलगी आम्हाला इंग्रजीतून सगळं सांगायची. मी तिला मुद्दाम विचारलं, "तो इथे पुष्कळ राहायचा ना? निवांत?" ती हसली. "कुठलं? नेहमी घाई. जेवायला बसायचा नाही, बोट लावून उठायचा. म्हणायचा, सिंगापूरला माणसं वाट बघत असतात."

मला मोठ्याने हसू आलं. बघा म्हटलं, इथे आमचं नाव, तिथे यांचं नाव, आणि स्वतः कुठेच नाही. माझा दोन वर्षांचा राग बरोबर ठरला होता. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची परत निघायची वेळ झाली. सामान खाली होडीत गेलं. तेवढ्यात मधल्या दारातून एक म्हातारी आली, वस्तीच्या जुन्या मुखियाची बायको. तिने माझा हात धरला आणि आत नेलं. शिक्षिका बरोबर आली. म्हातारी बोलू लागली आणि शिक्षिका सांगू लागली.

तो शेवटचा आला तेव्हा हिचा नवरा, मुखिया, आजारी होता. अंथरुणावरून उठत नव्हता. त्यालाही प्रभुभोजन हवं होतं. याने त्यालाही सांगितलं होतं, घाईत नको, शुक्रवारी सगळी दारं जमतील तेव्हा निवांत देतो. रोज संध्याकाळी हा मागच्या टेकडीवर चढायचा, कारण फोन लागला तर तिथेच लागतो, तोही रोज नाही. सिंगापूरला एक आजी आजारी आहे, तिला भाकर द्यायची राहिलीय, असं सगळ्यांना सांगायचा. सगळ्या बावीस दारांना त्याने तिच्यासाठी प्रार्थना करायला लावली होती. बुधवारी तो टेकडीवरून धावतच उतरला. चिखलावरून घसरला, फोन ओढ्यात गेला, तोंड सुजलं. म्हणाला, मला जायला हवं. मुखिया म्हणाला, "जा. तिकडची म्हातारी आधी. मी थांबतो." गुरुवारी सकाळी याने मुखियाच्या ताटाला बोट लावलं आणि होडीत बसला. नदीला पूर होता. होडीवाला नको म्हणत होता.

मुखिया पुढच्या आठवड्यात गेला.

मी ऐकत होते. दहा मिनिटांचं काम माझ्या घरी होतं, दहा मिनिटांचं काम इथे होतं. निवांत करायचं म्हणून याने माझ्या घरी केलं नाही, आणि उशीर होईल म्हणून इथे केलं नाही. इतका मूर्ख माणूस मी दुसरा बघितला नाही. हे मी आजही म्हणते. आणि बुधवारी वाचलात ना, असं मी विचारलं तेव्हा तो फोनबद्दल, पुराबद्दल, मुखियाबद्दल एक शब्द बोलला नव्हता. जळवांच्या गोष्टी सांगून डोकं उठवणारा माणूस ही एक गोष्ट गिळून बसला, आणि मी त्याला हाकलायला निघाले होते. मला रडू आलं, आणि त्याचाही मला राग आला.

म्हातारीने काहीतरी विचारलं. शिक्षिका म्हणाली, "ती विचारतेय, त्या आजीला भाकर मिळाली का?"

दोन वर्षं मी ते वाक्य तयार ठेवलं होतं. तुमच्या पाळकाला एक दिवस उशीर झाला. पन्नास जणांना माझं ते सांगून झालं होतं. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या नवऱ्याने आपला वाटा माझ्या सासूला देऊन टाकला होता.

"मिळाली," मी म्हटलं. "वेळेवर पोचले ते. मराठीतून सगळं केलं. निवांत."

शिक्षिकेने सांगितलं. म्हातारीने डोळे मिटले, मान हलवली आणि हळू काहीतरी बोलली.

"ती म्हणतेय, बरं झालं. तिचा नवरा शेवटपर्यंत हेच विचारत होता."

मग ती उठली आणि माझ्यासमोर एक ताटली ठेवली. भात, रानातली पालेभाजी, सुक्या मासळीचा तुकडा. खालून होडीवाला हाका मारत होता. नवे पाळकही मला बोलावत होते, पाणी उतरायच्या आत निघायला हवं होतं. म्हातारीला माझी घाई दिसली. तिने खुणेने सांगितलं, नुसतं बोट लाव, चालेल.

खाली सगळी माणसं वाट बघत होती. मी बूट काढले, मांडी घालून बसले आणि शेवटच्या शितापर्यंत जेवले.